घेर बरोबर, आकार चुकीचा: एका फुल फेस हेल्मेटच्या निवडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील चालक पस्तिशीच्या आसपासच्या एक महिला आहेत. रोज कामावर जाण्या-येण्यासाठी त्या मोटारसायकल वापरतात आणि अधूनमधून महामार्गावरून तीन-चार तासांचा सलग प्रवासही करतात. त्यांना चष्मा आहे, केस लांब आहेत आणि हेल्मेटशिवाय गाडी सुरू करायची नाही हा नियम त्यांनी नेहमीच काटेकोरपणे पाळला आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांचे ठिकाण, व्यवसाय आणि त्यांनी वापरलेल्या हेल्मेटांची नावे येथे दिलेली नाहीत. त्या माझ्याकडे महामार्गावर गाडी चालवण्याच्या प्रशिक्षणासाठी आल्या होत्या. हेल्मेटबद्दल त्यांची काहीही तक्रार नव्हती.

त्यांनी पहिले फुल फेस, म्हणजे हनुवटीसह पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट डोक्याचे माप घेऊन मागवले होते. भुवयांच्या साधारण अडीच सेंटिमीटर वरून आणि मागे डोक्याचा सर्वांत फुगीर भाग धरून टेप फिरवल्यावर घेर ५७ सेंटिमीटर भरला. कंपनीच्या तक्त्यात ५७ ते ५८ सेंटिमीटरसाठी मध्यम माप सांगितले होते, म्हणून त्यांनी मध्यम घेतले. माप घेण्याची ही रीत योग्यच होती आणि तक्ताही चुकीचा नव्हता, हे आधीच सांगायला हवे, कारण पुढच्या साऱ्या गोंधळात या दोन्हींवर उगाचच संशय घेतला गेला.

ते हेल्मेट घालून शहरातल्या शहरात काही जाणवत नसे. पाऊण तासाचा प्रवास झाला, की मात्र कपाळाच्या मधोमध एक ठसठस सुरू होई, पुढे ती वाढत जाई आणि हेल्मेट काढल्यावर तेथे लालसर वळ दिसे. नवे हेल्मेट काही दिवस घट्ट वाटतेच, वापराने ते सैलावते, असे त्यांना अनेकांनी सांगितले. काही आठवडे त्यांनी वाट पाहिली. दुखणे कमी झाले नाही, तेव्हा त्यांनी तेच हेल्मेट एका मापाने मोठे घेतले. कपाळ दुखायचे जवळजवळ थांबले, प्रश्न सुटला असे वाटले आणि त्या मोठ्या हेल्मेटमध्ये त्यांनी सुमारे एक वर्ष गाडी चालवली.

अडचण कशी लक्षात आली

प्रशिक्षणात लेन बदलण्यापूर्वी मान वळवून मागे पाहण्याचा सराव असतो. हा सराव करताना त्यांचे डोके वळे आणि हेल्मेट क्षणभर मागे राहून मग वळे. महामार्गावरच्या फेरीत त्या अधूनमधून डावा हात हँडलवरून काढून हेल्मेटची पुढची कड वर सारत होत्या. त्यांना विचारले, तेव्हा आपण असे करतो हे त्यांच्या ध्यानातही नव्हते.

गाडी बाजूला उभी करून आम्ही दोन साध्या तपासण्या केल्या. पहिलीत त्यांनी पट्टा नेहमीसारखा बांधला आणि मी हेल्मेटच्या मागच्या कडेखाली बोटे घालून ते वर आणि पुढे उचलले. हेल्मेट डोक्यावरून पुढे घसरत गेले, पुढची कड डोळ्यांवर आली आणि मागची कड डोक्याच्या मागच्या फुगवट्यावरून सुटली. आणखी थोडा जोर लावला असता, तर पट्टा बांधलेला असूनही ते निघून हातात आले असते. दुसऱ्या तपासणीत त्यांनी डोके स्थिर ठेवले आणि मी हनुवटीच्या पट्टीला, म्हणजे हनुवटीसमोरच्या कडक भागाला धरून हेल्मेट डावी-उजवीकडे वळवले. नीट बसलेल्या हेल्मेटबरोबर गालांची आणि कपाळाची कातडी ओढली जाते. येथे हेल्मेट कातडीवरून नुसते सरकत होते.

युरोपातील ईसीई २२ या मानकात नेमकी हीच गोष्ट यंत्राने तपासतात. १० किलोचे वजन अर्ध्या मीटरवरून सोडून हेल्मेटच्या मागच्या कडेला वरच्या-पुढच्या दिशेने झटका देतात आणि हेल्मेट ३० अंशांपेक्षा जास्त फिरता कामा नये अशी अट आहे. त्यांच्या हेल्मेटवर ईसीईचे लेबल होते, म्हणजे त्या नमुन्याने ही चाचणी पार केली होती. मात्र ती चाचणी ठरावीक मापाच्या कृत्रिम डोक्यावर होते. मोठ्या मापाचे हेल्मेट मोठ्या कृत्रिम डोक्यावर तपासले गेले, ते ५७ सेंटिमीटरच्या जिवंत डोक्यावर घातले, तर लेबल तेच राहते, पण त्यामागची हमी राहत नाही. प्रमाणपत्र पाहून निर्धास्त होणाऱ्या बहुतेक चालकांना हे कोणी सांगितलेले नसते, म्हणून ते येथे ठळकपणे मांडावेसे वाटते.

शिवाय मोठे हेल्मेट सुखदही नव्हते. कपाळाचे दुखणे गेले होते, पण त्याच्या जागी वाऱ्याचा घोंघाट, मानेचा ताण आणि कानांच्या वर एक वेगळी टोचणी आली होती. छोट्या अंतरासाठी आपण हल्ली पट्टा जरा सैलच ठेवतो, हेही त्यांनी बोलता बोलता सांगितले. हे ऐकून मला अधिक काळजी वाटली. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला आणि त्याचा अहवाल १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अपघातांतील चालकांमध्ये हेल्मेटचा वापर उष्ण दिवशी आणि जवळच्या फेरीत सर्वांत कमी आढळला होता. सुखाचा प्रश्न सुरक्षेच्या नंतरचा मानण्याची आपल्याला सवय आहे, पण जे हेल्मेट डोक्याला नकोसे होते ते आधी सैल होते आणि मग घरी राहते. वैद्यकीय संशोधने एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हा लाभ मिळायचा, तर आघाताच्या क्षणी हेल्मेट डोक्यावर आणि आपल्या जागी असावे लागते.

कारणाचा शोध

पहिला निर्णय असा घेतला, की नवे काहीही विकत घेण्यापूर्वी दुखते कुठे, कधी आणि कशाने, हे निश्चित करायचे. त्यांनी जुने मध्यम हेल्मेट परत केले होते, पण त्याच नमुन्याचे मध्यम माप तात्पुरते मिळवता आले. ते त्यांनी घरी खुर्चीत बसून घातले आणि दुखणे सुरू होण्याची वेळ, जागा आणि हेल्मेट काढल्यानंतर ते थांबण्याची वेळ लिहून ठेवली. एकदा चष्म्यासह आणि एकदा चष्म्याशिवाय असे दोन्ही प्रकारे त्यांनी ते करून पाहिले.

त्यातून दोन दुखणी वेगळी झाली. कपाळाची ठसठस चष्मा असो वा नसो, साधारण ४० मिनिटांनी सुरू होत होती आणि हेल्मेट काढल्यावर अर्ध्या तासात पूर्ण थांबत होती. कानांवरची टोचणी मात्र फक्त चष्मा घातल्यावरच होत होती. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत बाहेरच्या दाबामुळे होणाऱ्या डोकेदुखीला स्वतंत्र स्थान आहे. दाब सुरू झाल्यापासून एका तासाच्या आत ती येते, दाबाच्या जागी सर्वाधिक जाणवते आणि दाब निघाल्यावर एका तासाच्या आत जाते, अशी तिची खूण त्यात दिली आहे. त्यांची नोंद या वर्णनाशी तंतोतंत जुळत होती. हेल्मेट नसतानाही दुखले असते किंवा काढल्यावर तासन्‌तास टिकले असते, तर डॉक्टरांना दाखवणे हेच पहिले पाऊल ठरले असते.

आता प्रश्न उरला तो असा, की घेर तक्त्याशी जुळत असताना दाब कपाळावरच का येत होता. त्यासाठी आम्ही डोक्याची लांबी आणि रुंदी मोजली. भिंतीला डोके टेकवून कपाळावर काटकोनी गुण्या धरला, की भिंतीपासून कपाळापर्यंतचे अंतर म्हणजे लांबी मिळते. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठ्याचे पुस्तक उभे धरून मधले अंतर मोजले, की रुंदी मिळते. लांबी २०.३ आणि रुंदी १५.१ सेंटिमीटर आली. केस चापून बसवून डोक्याच्या बरोबर वरून काढलेल्या छायाचित्रातही डोके स्पष्टपणे लांबट दिसत होते.

घेर ही एकच संख्या आहे आणि ती आकाराबद्दल काहीही सांगत नाही. दोऱ्याच्या एकाच वेटोळ्याचे आपण वर्तुळ करू शकतो आणि तेच वेटोळे दोन टोकांनी ओढून लांबट अंडाकृतीही करू शकतो, दोऱ्याची लांबी मात्र बदलत नाही. हेल्मेट बनवणारे डोक्याचे ढोबळमानाने तीन आकार मानतात: गोलसर, मध्यम अंडाकृती आणि लांबट अंडाकृती. बहुतेक हेल्मेटे मध्यम आकाराच्या आसपास बेतलेली असतात आणि मापाच्या तक्त्यात आकाराचा उल्लेख क्वचितच असतो. प्रमाण चाचणीतील कृत्रिम डोक्यांतही ५७ सेंटिमीटर घेराचे डोके एकाच ठरलेल्या आकाराचे असते. त्यांचे मध्यम मापाचे हेल्मेट आतून गोलसर होते. त्यामुळे पुढे कपाळावर आणि मागे दाब येत होता, तर कानशिलांजवळ बोट जाईल इतकी पोकळी होती. माप वाढवल्यावर पुढचा दाब गेला, पण कानशिलांजवळची पोकळी आणखी रुंद झाली. हेल्मेट डुगडुगत होते ते या पोकळीमुळे.

वापराने हेल्मेट सैलावते हा सल्ला येथे लागू का पडला नाही, तेही यातून उलगडते. गालांच्या गाद्या जाड फोमच्या असतात आणि त्या काही आठवड्यांत खरोखरच बसतात. कपाळाजवळ मात्र कापडी अस्तर आणि फोमचा पातळ थर एवढेच असते आणि त्यामागे थेट थर्माकोल लागतो. थर्माकोल वापराने सैल होत नाही, त्याने व्हायचेही नसते. आघात झाला, की एकदाच चिरडून ऊर्जा शोषून घेणे हे त्याचे काम आहे. गाल दाबले जात असतील तर धीर धरावा, कपाळ किंवा कानशील एका ठिपक्यावर दुखत असेल तर हेल्मेट बदलावे, असा स्पष्ट भेद मी यानंतर प्रत्येक शिकणाऱ्याला सांगतो.

विचारात घेतलेले पर्याय

मोठे हेल्मेटच ठेवून गालांना जाड गाद्या लावायच्या, हा पहिला आणि सर्वांत सोपा पर्याय होता. गाद्या बदलता येण्यासारख्या होत्या आणि हेल्मेट जेमतेम वर्षभर वापरलेले होते. तसे करूनही पाहिले. डावी-उजवीकडे वळवण्याच्या तपासणीत फरक पडला, पण मागून उचलल्यावर हेल्मेट पूर्वीसारखेच पुढे घसरले, कारण डोक्याचा वरचा भाग आत सैलच होता. गाल आवळले गेले आणि माथा मोकळा राहिला. हा पर्याय सोडला.

मध्यम मापाच्या त्याच हेल्मेटमध्ये कपाळाजवळचा थर्माकोल चमच्याच्या पाठीने दाबून जागा करून घ्यावी, असे त्यांना एका अनुभवी चालकाने सुचवले होते. हा उपाय अनेक जण करतात आणि दुखणे थांबते हेही खरे आहे. तरीही मी त्याला ठाम विरोध केला. जो थर चिरडला जाऊन मेंदूला वाचवणार, तो थर आपण आधीच चिरडून ठेवायचा आणि तोही कपाळासारख्या ठिकाणी, हे कोणत्याही सुखासाठी मान्य करण्यासारखे नाही. काही हेल्मेटांत फोमच्या गादीतून सोलून काढता येणारा पातळ थर मुद्दाम ठेवलेला असतो. तो काढण्याला हरकत नसते, कारण त्यात थर्माकोलला हात लागत नाही. या हेल्मेटमध्ये तशी सोय नव्हती.

हनुवटी उघडी ठेवणाऱ्या हेल्मेटचा विचार त्यांनी स्वतः मांडला आणि तो उडवून लावण्याजोगा नव्हता. चष्मा घालणे सोपे, हवा भरपूर आणि वजन कमी. पण त्यांच्या कपाळाच्या दुखण्याशी हनुवटीच्या पट्टीचा काहीच संबंध नव्हता. गोलसर आकाराचे उघडे हेल्मेटही तेवढेच दुखले असते आणि जबड्याचे संरक्षण तेवढे गेले असते. हे त्यांना दाखवून दिल्यावर त्यांनी तो विचार आपणहून बाजूला ठेवला. पुढचा भाग वर उचलता येणारे हेल्मेट चष्म्यासाठी सोयीचे असते. त्यात हनुवटीचा भाग बंद असताना संरक्षक मानला गेला आहे का, हे ईसीई लेबलवरील ‘पी’ या अक्षरावरून कळते, तर ‘एनपी’ असल्यास तो संरक्षक मानलेला नसतो. बिजागरी आणि कुलुपामुळे अशा हेल्मेटचे वजन बहुधा वाढते. मान आधीच ताणली जात असल्याने त्यांनी हा पर्याय दुय्यम ठेवला.

उरला तो लांबट आकाराच्या फुल फेस हेल्मेटचा शोध. हा पर्याय कागदावर उघड वाटतो, प्रत्यक्षात तो सर्वांत कष्टाचा होता, कारण असे नमुने थोडे असतात. जपानच्या अराई कंपनीची ‘सिग्नेट’ ही लांबट डोक्यांसाठीची मालिका हे अशा नमुन्यांचे परिचित उदाहरण आहे, पण प्रत्येक बाजारपेठेत प्रत्येक नमुना मिळत नाही. जे मिळेल ते डोक्यावर घालूनच पाहावे लागणार होते.

चाचणी आणि निवड

चाचणीपूर्वी काही अटी ठरवल्या. रोजचाच चष्मा सोबत असेल. केसांची सैल वेणी मानेजवळ असेल, कारण उंच बांधलेला अंबाडा हेल्मेटची मागची बाजू उचलून धरतो आणि सगळाच अंदाज चुकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुने दुखणे ४० मिनिटांनी सुरू होत असल्याने कोणत्याही हेल्मेटचा निकाल ४५ मिनिटांच्या आत द्यायचा नाही. बहुतेक लोक दुकानात हेल्मेट दोन मिनिटे घालतात, आरशात पाहतात आणि ठरवतात. जे दुखणे पाऊण तासाने येते ते त्या दोन मिनिटांत सापडणे शक्यच नाही.

अखेरीस खरी निवड दोन हेल्मेटांमध्ये होती. त्यांना येथे ‘क’ आणि ‘ख’ म्हणू. ‘ख’ कार्बन तंतूंच्या कवचाचे, सुमारे १,३५० ग्रॅमचे आणि मध्यम अंडाकृती होते. पहिल्या पाच मिनिटांत ते स्वर्गसुखाचे वाटले. अस्तर मऊ, काच रुंद, मानेवर भार नाही. ‘क’ फायबरग्लासचे, सुमारे १,५५० ग्रॅमचे आणि लांबट आकाराचे होते. ते डोक्यात शिरतानाच कानांना घासले, गाल इतके दाबले गेले की बोलताना गालाची आतली बाजू दातांखाली येत होती आणि त्यांचा चेहरा पाहूनच ते नापसंत असल्याचे कळत होते.

पण २५ मिनिटांनंतर ‘ख’मध्ये कपाळ बोलू लागले. ठसठस पूर्वीपेक्षा सौम्य होती, पण जागा तीच. ‘क’मध्ये ५० मिनिटांनंतरही कपाळावर काही नव्हते आणि काढल्यावर वळ उठला नाही. कानशिलांजवळ बोट शिरत नव्हते. मागून उचलल्यावर हेल्मेट किंचित हलून थांबले आणि बाजूला वळवल्यावर गालांची कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली. हनुवटीच्या पट्टीवर बाहेरून दाबल्यावर ती हनुवटीला टेकत नव्हती.

या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय येथे होता. ‘ख’ हलके होते, दिसायला देखणे होते आणि त्यात होणारा त्रास जुन्यापेक्षा कमी होता. ‘थोडे दुखले तर मी सहन करीन, पण हे डोक्यावर आहे असे वाटतच नाही,’ असे त्या म्हणाल्या. माझे म्हणणे असे होते, की ‘क’चा त्रास गालांचा आहे, म्हणजे फोमचा आहे आणि तो कमी होत जाईल. ‘ख’चा त्रास कपाळाचा आहे, म्हणजे थर्माकोलच्या आकाराचा आहे आणि तो तसाच राहील. शिवाय खुर्चीत बसून २५ मिनिटांनी जे सौम्य वाटते, ते उन्हात आणि वाऱ्यात तीन तासांनी सौम्य राहत नाही. त्यांनी एक रात्र विचार केला आणि ‘क’ निवडले. निर्णय त्यांचाच असावा याची मी काळजी घेतली होती, कारण हेल्मेट रोज त्यांच्याच डोक्यावर राहणार होते.

प्रमाणपत्रांच्या बाबतीत फारसा पेच नव्हता. दोन्ही हेल्मेटे ईसीई २२.०६ नुसार मान्यताप्राप्त होती, म्हणजे लेबलवरील मान्यता क्रमांकाची सुरुवात ०६ ने होत होती. जानेवारी २०२१ मध्ये अमलात आलेल्या या सुधारित मानकात सरळ आघाताबरोबरच ४५ अंशांच्या तिरप्या पृष्ठभागावर सेकंदाला ८ मीटर वेगाने आपटण्याची चाचणी जोडली गेली आहे, ज्यातून डोक्याला बसणारा पिळा मोजला जातो. भारतात आयएस ४१५१, अमेरिकेत एफएमव्हीएसएस २१८ अशी देशोदेशीची मानके आहेत. ज्या देशात गाडी चालवायची तेथील मानकाची खूण हेल्मेटवर असणे ही किमान अट समजावी आणि आकाराची निवड ती अट पूर्ण करणाऱ्या हेल्मेटांतूनच करावी.

गालांच्या गाद्या लगेच पातळ घ्याव्यात का, हा एक छोटा प्रश्न राहिला होता. कंपनीकडे एक पायरी पातळ गाद्या उपलब्ध होत्या आणि घेण्याचा मोहही होता. आम्ही महिनाभर थांबायचे ठरवले, कारण आज पातळ केलेल्या गाद्याही महिन्याने बसतील आणि मग त्या सैल पडतील.

चष्म्याचा प्रश्न वेगळा सोडवला. त्यांच्या चष्म्याच्या दांड्या रुंद होत्या आणि कानामागे खोल वळलेल्या होत्या. प्रवासासाठी त्यांनी त्याच नंबरचा, पातळ आणि जवळजवळ सरळ दांड्यांचा दुसरा चष्मा करून घेतला. आता त्या हेल्मेट घातल्यानंतर काच उघडून दांड्या सरळ आत सरकवतात. त्या हेल्मेटच्या गाद्यांत दांड्यांसाठी खाच होती, हा निवडीतला एक अतिरिक्त लाभ ठरला.

परिणाम

पहिले दहा-बारा दिवस गालांचा त्रास झाला. तिसऱ्या आठवड्यापासून तो जाणवेनासा झाला आणि महिन्याच्या शेवटी गाद्या बदलण्याची गरज उरली नव्हती. कपाळाचे दुखणे परतले नाही. चार तासांच्या पहिल्या मोठ्या प्रवासानंतरही कपाळावर वळ नव्हता. हँडलवरून हात काढून हेल्मेट सावरण्याची सवय मात्र काही काळ टिकली. कड वर सारायला हात जाई आणि तेथे सारण्यासारखे काही नसे.

सगळेच साधले असे नाही. दोनशे ग्रॅमचा फरक मोठ्या प्रवासात मानेला कळतो, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. दर दीड तासाने थांबून मान सैल करणे त्यांनी स्वीकारले आहे. आवाज थोडा कमी झाला, पण अपेक्षेइतका नाही, कारण ‘क’च्या वरच्या हवाझडपा उघड्या असताना शीळ घालतात. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या घरात जाऊ शकतो. ऐकण्याच्या सुरक्षेसाठी ८५ डेसिबलला आठ तास आणि पुढे दर तीन डेसिबलला निम्मा वेळ हा अमेरिकेतील ‘नायॉश’ संस्थेचा हिशेब धरला, तर १०० डेसिबलला पंधरा मिनिटेच उरतात. कोणतेही हेल्मेट एकट्याने हा प्रश्न सोडवत नाही. महामार्गावर त्या आता कानांत मऊ बोळे घालतात, अर्थात जेथे कायद्याने परवानगी आहे तेथेच.

जुन्या मोठ्या हेल्मेटचे काय करायचे, यावरही निर्णय घ्यावा लागला. गोलसर डोक्याच्या एका सहकाऱ्याला ते बसत होते आणि त्यांना ते हवेही होते. पण वर्षभरात ते एकदा सीटवरून जमिनीवर पडले होते का, हे चालकांना खात्रीने आठवेना. थर्माकोल आतून चेपला असेल, तर बाहेरून दिसत नाही. त्यांनी पट्टे कापले आणि ते टाकून दिले. सहकाऱ्याला थोडे वाईट वाटले, पण माझ्या मते हा त्यांचा सर्वांत निःस्वार्थी निर्णय होता.

वेगळे काय करता आले असते

मध्यम माप बदलून मोठे घेतले तो क्षण या प्रकरणाचा खरा सांधा होता. तेव्हा त्यांच्यापुढे एकच माहिती होती: दुखते, म्हणजे घट्ट आहे. दुखते कुठे, हा दुसरा प्रश्न त्याच वेळी विचारला गेला असता आणि कानशिलांजवळची पोकळी कोणी बोट घालून पाहिली असती, तर वर्षभर सैल हेल्मेट वापरण्याची वेळ आली नसती. घट्टपणा आणि दाबाचा ठिपका यांत फरक आहे. घट्टपणा सगळीकडे सारखा जाणवतो आणि तो हवाच असतो, ठिपका एका जागी दुखतो. हा फरक विक्रेत्याने विचारणे अपेक्षित आहे, पण घरबसल्या मागवलेल्या वस्तूबाबत तो विचारायला समोर कोणीच नसतो. म्हणून लांबी आणि रुंदी घेराबरोबरच मोजून ठेवावी. त्याला पाच मिनिटे लागतात.

माप बदलल्यानंतरही एक संधी होती. मागून उचलून पाहण्याची तपासणी नव्या हेल्मेटवर पहिल्याच दिवशी केली असती, तर ते त्याच दिवशी परत गेले असते. दुखणे थांबल्याचा आनंद इतका मोठा होता, की दुसरे काही तपासावे असे कोणालाच वाटले नाही आणि हे अगदी स्वाभाविक आहे. परत करण्याच्या अटी मात्र खरेदीपूर्वीच वाचायला हव्यात. हेल्मेट घरात पाऊण तास घालून पाहायचे असेल, तर काचेवरचे संरक्षक कागद आणि खुणेच्या चिठ्ठ्या न काढता ते करावे लागते.

‘ख’ची चाचणी ४५ मिनिटे न करता अर्ध्या तासात थांबवली गेली, कारण दुखणे सुरू झाले होते. ती पूर्ण केली असती, तर निवड कदाचित अधिक सोपी झाली असती, कारण दुखणे कुठवर वाढते हे त्यांना प्रत्यक्ष कळले असते आणि एका रात्रीची घालमेल वाचली असती.

वजनाच्या बाबतीत मात्र वेगळे काही करता आले असते असे मला वाटत नाही. लांबट आकारात आणि त्यांच्या मापात कार्बनचे हेल्मेट त्या वेळी मिळत नव्हते. ते पुढे मिळाले, तर त्याचीही चाचणी चष्मा आणि वेणी यांसह, पाऊण तासाचीच होईल असे ठरले आहे. तोवर दर तीन-चार महिन्यांनी मागून उचलून पाहण्याची तपासणी करायची आणि गाद्या दबून हेल्मेट सरकू लागले, तर आता जपून ठेवलेल्या क्रमांकावरून त्याच जाडीच्या नव्या गाद्या मागवायच्या, अशी नोंद त्यांच्या गाडीच्या देखभालीच्या वहीत तेल बदलण्याच्या तारखांशेजारी आहे.